छबूबाईंची हरवलेली गाठ

"आमच्या आईची गाठ गायब झालीया," अविराज म्हणाला.

"किती तोळ्यांची?" चिंतामणमामांनी विचारलं.

"लिंबाएवढी. कानाखालची."

मामांनी चष्मा पुसला. सई बारामतीत लग्नाआधीच्या चौकशा करायची. मुलगा कुठं बसतो आणि काय पितो, हे तिला मुलाच्या आधी कळायचं. मामा तिचे सख्खे मामा. निवृत्त झाल्यावर घरात कोणाला नको होते, म्हणून तिचे सहाय्यक. गाठीचं प्रकरण मात्र दोघांनाही नवं होतं.

"नीट सांगा," सई म्हणाली.

"मी निमगाव केतकीचा. आईच्या लाळग्रंथीत जुनी गाठ हुती. सुईनं तपासली तवा साधी निघाली. पण मागनं झपाट्यानं वाढाय लागली. इंदापूरच्या सर्जननी काढली. हितल्या लॅबचा रिपोर्ट आला, ग्रंथी निरोगी, गाठच न्हाय."

"मग पेढे वाटा," मामा म्हणाले.

"सर्जन म्हणत्यात, गाठ मी माझ्या हातानं काढलीया. असल्या जुन्या गाठीत आतल्या आत कॅन्सर व्हतो. असला तर पुन्हा कापायचं, किरणांचा शेक द्यायचा. त्यात चेहऱ्याची नस गेली तर आईचं तोंड वाकडं. नसला तर ह्यातलं कायबी नको. गाठ बघितल्याबगर कोण सांगणार? लॅब सर्जनकडं बोट दाखवती, सर्जन लॅबकडं. मला दोघांचाबी संशय हाय."

"आणि तुमच्या घरातल्यांचा?"

"घरातलं कोण कशाला करंल?"

"लग्नाच्या चौकशीतही सगळे हेच म्हणतात," सई म्हणाली.

लॅबच्या डॉक्टर उत्कर्षाबाई आधीच चिडलेल्या होत्या. "मी जे आलं ते तपासलं. ग्रंथीचा तुकडा, तोही अर्ध्याच भरलेल्या बरणीत. तुकडा टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्येही काटकसर करतात लोक."

"तुकडा दिसायला कसा होता?"

"एका बाजूला वाटीसारखा खोलगट. बाकी सगळीकडून पांढरट, कडक. ती खोलगट बाजू तेवढी लालसर, मऊ."

"असं का?"

"फॉर्मॅलिन बाहेरून आत मुरतं. जी बाजू उशिरा उघडी पडते, ती उशिरा पांढरी होते."

बाहेर येऊन मामा कुजबुजले, "बाई घाबरल्यात. गाठ ह्यांनीच हरवली."

इंदापूरच्या दवाखान्यातला वॉर्डबॉय सिद्धू घाबरलेला नव्हता, त्यामुळे मामांना त्याचा जास्तच संशय आला.

"बरणी म्या काठोकाठ भरली. झाकण लावताना हातावर सांडलं, आग झाली. गाठ आत हुती, ह्या डोळ्यांनी बघितली. संध्याकाळी बाईंचं मालक, झुंबरतात्या, घिऊन गेलं."

"थेट बारामतीला?"

"लॅब बंद झाल्याली. रातच्याला घरी ठिवून सकाळच्या यष्टीनं जातो म्हणालं."

"सर्जनचा हात असणार," परतताना मामा म्हणाले. त्यांच्या मते आता फक्त एसटीचा कंडक्टर निर्दोष उरला होता.

निमगावात झुंबरतात्या ओट्यावर बसून माती भरत होते. दोन पिशव्या, दोन्ही सारख्या.

"दोन वावरांची का?" मामांनी विचारलं.

"एकाच. चांगली कालवून निम्मी बारामतीला, निम्मी पुण्याला. एकट्याच्या रिपोर्टवर आमी खत टाकत न्हाय. दोघांचं जमलं तर खरं."

"बरणीचं काय झालं, तात्या?"

"दिली की लॅबला." तात्यांनी पिशवीचं तोंड जरा जास्तच घट्ट बांधलं.

सईनं सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. छबूबाई गालाला पट्टी बांधून उंबऱ्यात बसल्या.

"वाटीसारखी खोलगट जागा, म्हणजे तिथं काहीतरी गोल बसलेलं होतं. सर्जन खरं बोलतात. गाठ दवाखान्यातच काढून घेतली असती, तर खोलगट बाजूही रात्रभरात पांढरी झाली असती. ती लालसर होती, म्हणजे लॅबला पोचायच्या थोडंच आधी, सकाळी, कोणीतरी कापलं. लॅबनं कापलं नाही, कारण बरणी तिथं पोचली तेव्हाच अर्धी होती. भरली होती काठोकाठ."

"औषध सांडलं असंल," अविराज म्हणाला.

"एवढं उग्र औषध एसटीत सांडलं असतं, तर गाडी रिकामी झाली असती. चोर गाठ नेईल. औषधाची समान वाटणी कशाला करेल? एकाच नमुन्याचे दोन भाग करून दोन लॅबना द्यायची सवय असलेला माणूसच ते करतो. बरणी रात्री कोणाकडे होती?"

सगळ्यांनी झुंबरतात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मातीकडे.

"निम्मंनिम्मंच कराय गेलो," ते शेवटी म्हणाले. "सुरीला टणक लागलं, ती घसरली. एकीकडं टणक गेलं, दुसरीकडं मऊ. म्हटलं, हाय तर एकाच जागचं."

"माती कालवता येते, तात्या. गाठ कालवता येत नाही. एका कोपऱ्यात साधी असते, दुसऱ्यात वाईट."

"पुण्याला का नाही पाठवली?" मामांनी विचारलं.

"बारामतीनं चांगलं सांगितलं. मग दुसऱ्याला कशाला इचारायचं? पुढं ह्यो बोभाटा झाला, तवा तोंड उघडंना."

गाठ पंपाच्या पेटीत निघाली, निम्म्या औषधात शाबूत.

उत्कर्षाबाईंनी या वेळी ती सगळी तपासली आणि घरच्यांना बोलावून सांगितलं. जुन्या साध्या गाठीत एका कडेला कॅन्सरचा लहान ठिपका होता. पण गाठीच्या वेष्टणाच्या आतच, बाहेर पडलेला नाही. वेष्टण शाबूत. पुन्हा कापायला नको, शेक नको. तपासणीला मात्र येत राहायचं.

तात्यांनी डोळे पुसले. "मी आणीन दर येळंला."

छबूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "गाठीला दोन लॅबा दावायच्या हुत्या तुमाला. मला एक डॉक्टर दावायला डाळिंब उतरायची वाट बघितली."

आणखीही बरंच बोलल्या. उत्कर्षाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ओठांची दोन्ही टोकं अगदी सारखी हलत होती.