बिननावाचा प्रोग्राम

"लाइन गेली त मोबाइल ठेवा खाली, पोट्टेहो," भगवंतराव म्हणाले. "आता सांगतो ते माह्या साडूच्या पोराचं, अंकुरचं हाय. खोटं वाटलं त मंगरूळपीरले जाऊन इचारा."

गेल्या पोळ्याची अमावस्या. भाजीपाल्याच्या कोल्ड स्टोरेजवर अंकुर एका किरकोळ कामाला गेला होता. तिथला जुना ऑपरेटर देवमन उन्हाळ्यात वारला. त्याचं नाव कॉम्प्युटरमधून काढलं, मागच्या त्याच्या खोलीला कुलूप लागलं. आता अंकुरनं लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, दर मिनिटाला चालू प्रोग्रामांची यादी वाचणार होती. थंडाव्याच्या मशीनमधून गळणारा विषारी अमोनिया बाहेर फेकणारा पंखा सुरू आहे ना, ते बघायचं; आणि ज्याला चालवणारा मालकच उरला नाही, तो प्रोग्राम बंद करायचा. पोरगं हुशार, पण घाई अशी की चहा निवायचीही वाट पाहणार नाही.

यादीत एक ओळ निघाली. मालकाचं नाव नाही, नुसता आकडा. नाव काढल्यावर मागे उरलेला, देवमनच्या खात्याचा. स्क्रिप्टनं ती बंद केली.

मिनिटभरानं ओळ परत आली. पुन्हा बंद. पुन्हा आली... आणि कुठून सुरू झाली तेही यादीत होतं: मागच्या खोलीतल्या कीबोर्डवरून.

पुढच्या ऑफिसात बसलेल्या अंकुरनं चौकीदाराला फोन लावला.

"दौलतसिंगकाका, मांगच्या खोलीत कोन बसून राह्यलं?"

"कोनी नाही रे. कुलूप हाय, चाबी माह्यापाशी. मी इथं मशीनपाशी निजलो... बाप्पा, डोळे काहून झोंबून राह्यले?"

खोकला. मग फोन खाली पडल्याचा आवाज.

स्क्रीनवर तर 'पंखा सुरू' होतं! त्यानं यादी स्वतः वाचली. पंख्याचा प्रोग्राम संध्याकाळीच बंद पडला होता. त्याचं नाव शोधणारी आज्ञासुद्धा त्याच नावानिशी यादीत चढायची, आणि स्क्रिप्ट स्वतःलाच पाहून 'सुरू' म्हणत होती. खरा पंखा फिरवत होती ती बिननावाची ओळ. अंकुर तीच बंद करत होता.

त्यानं पंखा लावून पाहिला. लागेना. स्क्रिप्ट थांबवली.

यादीत काही नाही...

काही नाही...

"देवमनदादा," तो स्क्रीनकडे पाहून म्हणाला, "चुकलं माह्यं. एक डाव पंखा लावा."

ओळ आली. मागे पंखा घरघरला.

तोंडाला ओला रुमाल बांधून अंकुर धावला. दौलतसिंगला ओढत बाहेर आणलं. श्वास होता. जगला बिचारा.

उजाडल्यावर मागचं कुलूप काढलं. फरशीवर धुळीचा थर, पावलाचा ठसा एकही नाही. खुर्चीवर धूळ. टेबलावर धूळ.

कीबोर्डची बटणं तेवढी पुसलेली.