ठेंगू भिंतीला का धडकतो?

ठेंगू काही आंधळा नव्हता. चांगले तीन कॅमेरे होते त्याच्या डोक्यावर! तरीही चढणीच्या पायथ्याशी आला, की गडी वळायचा आणि शेजारच्या भिंतीला धाडकन जाऊन धडकायचा.

रावेर तालुक्यातल्या त्या गावात आता केळीचे घड वाहायला सर्रास रोबो वापरत. शाळेच्या विज्ञान मंडळानेही एक बनवला होता. गुडघ्याएवढा, म्हणून ठेंगू. घड घेऊन चढण चढायची आणि वरच्या खोलीत ठेवायचा, एवढंच त्याचं काम. नववीतली तेजल नारखेडे मंडळाची नवी प्रमुख, आणि प्रमुख झाल्यापासून ती जरा ऐटीतच चालायची.

पण त्या शनिवारी ऐट पार उतरली होती. पाचवीतल्या तिच्या भावाने, ओजसने, वर्गात पुन्हा बाकाला लाथ मारली होती. दर वेळी बाई त्याला बाहेर काढत, आणि दर वेळी त्याच्या लाथा वाढतच होत्या. मोठ्या बाईंनी आईला सोमवारी बोलावलं होतं. आता ओजसला नाशिकच्या निवासी शाळेत पाठवा, असंच त्या म्हणणार होत्या. घरात कुणी धड जेवलं नव्हतं.

"आणि त्यात हा ठेंगू!" तेजल कुमुदआत्याजवळ कुरकुरली. आत्याचं सगळं आयुष्य रोबोंना शिकवण्याच्या संशोधनात गेलेलं. आता ती गावी राहायला आली होती. "काम नीट झालं की आम्ही त्याला गुण देतो, धडकला की कापतो. काल दुप्पट कापले, तर आज जास्तच धडकतोय. निगरगट्ट मेला!"

"शिव्या नंतर घाल. धडकायच्या आधी काय होतं?"

"चढण येते. घड जड, त्यामुळे बॅटरी भराभर उतरते."

"आणि धडकल्यानंतर?"

"नंतर काय, आम्ही उचलतो, कुठे मोडलं का बघतो, आणि तोवर चार्जिंगला…" तेजलने जीभ चावली. "अगं बाई! आम्हीच लावतो की त्याला चार्जिंगला!"

आत्या हसली. "याला प्रबलन म्हणतात (एखादी कृती केल्यावर हवं ते मिळालं, की ती कृती पुन्हा पुन्हा होऊ लागणं). गुण गेले तरी त्याची बॅटरी भरते. त्याच्या दृष्टीने सौदा फायद्याचाच."

"लबाड कुठला!"

"लबाड कसला? चढण झेपत नाही हे सांगायची दुसरी सोय ठेवलीत का तुम्ही त्याला?"

मुलांनी ठेंगूला पिवळा दिवा बसवला. त्याने दिवा लावला तर चार्जिंग, धडकला तर नुसतं सरळ उभं करायचं. शिवाय सुरुवातीला अर्धाच घड. संध्याकाळपर्यंत भिंत सुखात होती.

तेजल उड्या मारतच घरी आली आणि ओट्यापाशी थबकली. ओजस एकटाच केळ्याचे वेफर्स खात बसला होता. तिच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं.

"ओज्या, लाथ मारलीस त्याच्या आधी काय चाललं होतं?"

"तूपण ओरडणार?"

"नाही रे बाबा. सांग ना."

"मराठीचा तास. एकेकाने उतारा वाचायचा. माझ्या आधी दोघंच उरले होते."

"मग?"

"मग अक्षरं हलायला लागली. ती नेहमीच हलतात." त्याने वेफरचा चुरा केला. "मग लाथ गेली. बाईंनी बाहेर काढलं. बाहेर बरं वाटतं."

"आणि गणिताच्या तासाला?"

"तेव्हा नाही मारत. शाब्दिक उदाहरणं असली तरच."

तेजल आत्याच्या घराकडे धूम पळाली.

"डोकं चालतंय तुझं," सगळं ऐकून आत्या म्हणाली. "पण एक लक्षात ठेव. ओजस यंत्र नाही. तो हे ठरवून करत नाही, आणि ठेंगूला लाज वाटत नाही, याला वाटते."

सोमवारी आईबरोबर त्या दोघीही शाळेत गेल्या. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे लाथ मारणाऱ्याला बक्षीस द्यायचं?"

"नाही बाई," तेजल म्हणाली. "लाथेला काहीच मिळायला नको, बाहेर जाणंसुद्धा नाही. पण हात बाकावर पालथा ठेवला, तर पाणी पिऊन यायची मुभा. आणि वाचायला दोनच ओळी, त्याही आदल्या दिवशी घरी दिलेल्या."

"हे लाड झाले."

"घड जड झाला की केळीला टेकू देतो आपण," आत्या म्हणाली, "तेव्हा तिचे लाड करतो का? आणि अक्षरं का हलतात, ते विशेष शिक्षिका तपासतील. वाचन-अक्षमता (बुद्धी चांगली असूनही अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी पटकन न जुळणं) आहे की नाही, ते त्याच सांगतील. आपण शिक्का मारायचा नाही."

मोठ्या बाईंनी टेबलावरचं कॅलेंडर उलटलं. "दिवाळीपर्यंत बघू," त्या म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यात लाथा वाढल्याच! "जुनी युक्ती चालेनाशी झाली की माणूस ती आधी जोराने करून बघतो," आत्याने आईला धीर दिला. वर्गशिक्षिका भोळे बाईंनीही हिंमत सोडली नाही. त्या ओजसला बाहेर काढत नव्हत्या. जवळ जाऊन हळूच विचारायच्या, "हात कुठे ठेवायचा?"

एक दिवस हात बाकावर आला. ओजस बाहेर गेला, पाणी प्यायला आणि कुणी न बोलावता परत आला. उभा राहून वाचू लागला. दुसऱ्या ओळीत गाडी थांबली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. ओजसचे कान लाल झाले.

"बाई, इथे अडलंय," तो म्हणाला.

भोळे बाईंनी शब्द सांगितला. तो पुढे वाचू लागला.

दिवाळीच्या सुट्टीआधी मोठ्या बाईंनी तेजलला बोलावून घेतलं. "आईला सांग, नाशिकचा विषय संपला." तेजल नाचत निघणारच होती, इतक्यात त्या म्हणाल्या, "थांब. सातवीत एक मुलगी आहे. लाथा नाही, दंगा नाही. हजेरीलासुद्धा बोलत नाही. त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. तिला काय होत असेल?"

तेजल दारातून परत फिरली.

"मला नाही माहीत, बाई," ती म्हणाली. "तिच्याजवळ जाऊन बसू या?"

मोठ्या बाईंनी खुर्ची मागे सरकवली. "चल."