खालच्या दोरीपाशी

शोधपथकाचा प्रमुख दारात आला त्या सकाळी आकाश लख्ख होतं. त्याने चिखलाचे बूट बाहेर काढले, म्हाताऱ्याने खुर्ची पुढे केली तरी बसला नाही.

"आम्ही आता थांबतोय, काका. बंधाऱ्यापर्यंत सगळा ओढा पालथा घातला. नाही सापडल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे... गेल्या असंच धरून चला."

म्हाताऱ्याची बायको रोजच्यासारखीच ओढ्याकाठी फिरायला गेली होती. गोट्यांवरून पाय टाकत पलीकडे जात असताना वरून लोंढा आला, असं पुलावरून जाणाऱ्या एका बसचालकाने पाहिलं होतं. बाकी कुणी काही पाहिलं नव्हतं.

"पण त्या दिवशीही ऊनच होतं," म्हातारा म्हणाला. "पाणी आलं कुठून?"

"वरच्या अंगाला पाऊस झाला असेल."

"वर म्हणजे कुठे?"

प्रमुखाने डोंगरांच्या दिशेने नुसता हात केला आणि वाकून बूट चढवायला घेतले.

तो हात म्हाताऱ्याच्या डोक्यातून जाईना. त्याने सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. खाली यायला निघालेली लिफ्ट खाली आली नाही, तर ती कुठल्या तरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली असते. हवेत विरत नाही. बायकोचं तसंच असणार, एवढी त्याची खात्री होती. ती कुठे आहे ते कळलं की तो रडणार होता. तोवर नाही.

म्हणून त्याने कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. नैसर्गिक साधनसंपत्ती आणि पाणलोट असा विषय होता. वयाची अट नव्हती.

"बाबा, या वयात कॉलेज?" लेक फोनवर म्हणाली. "पोरं हसतील तुम्हाला."

"हसू देत. घरात नाही ती करमणूक तिथे तरी होईल."

"त्यापेक्षा माझ्याकडे या. खोली रिकामी पडलीय."

"येतो. एवढा कोर्स होऊ दे."

फोन ठेवला की घर पुन्हा गप्प व्हायचं. तो एकाच ताटात जेवायचा, तेच धुवायचा, तेच पालथं घालायचा. दुसरं ताट मांडणीवरून काढायला हात धजत नव्हता.

वर्गातली पोरं त्याच्या लेकीपेक्षाही लहान. शिकवणाऱ्या मॅडमच्या पँटीला गुडघ्यापर्यंत कायम चिखल असायचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर एक वेडावाकडा गोल काढला. "ही डोंगराची कड. हिच्या आत कुठेही थेंब पडू दे, तो शेवटी एकाच तोंडातून बाहेर पडणार. आपल्या ओढ्याचं तोंड म्हणजे बंधारा."

त्याने हात वर केला. "फक्त थेंब, की सगळंच?"

गाव लहान होतं. त्याच्या बायकोचं मॅडमना ठाऊक होतं. त्यांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "जे वाहतं ते सगळं, काका. जेवढं आत आलं तेवढं बाहेर पडायला हवं. नाही पडलं, तर ते आतच कुठेतरी साठलेलं असतं. तिसरी शक्यता नाही."

इतक्या दिवसांत त्याला मिळालेलं हे पहिलं धड उत्तर होतं.

पुढे ओढ्यावर प्रात्यक्षिकं सुरू झाली. पाण्याचा वेग मोजायचा. प्रवाहावर आडव्या दोन दोऱ्या बांधायच्या, एक वर आणि एक खाली. वरच्या माणसाने लाल रंगवलेला लाकडी गोळा पाण्यात टाकून "सोडला!" म्हणायचं. खालच्याने घड्याळ चालू करायचं आणि गोळा दोरीखालून गेला की उचलून "आला!" म्हणायचं.

"गोळा डोळ्यांनी दिसल्याशिवाय 'आला' म्हणायचं नाही," मॅडमनी बजावलं. "अंदाजपंचे नको. आणि 'आला' ऐकल्याशिवाय वरच्याने पुढचा सोडायचा नाही, खालच्याने जागा हलवायची नाही."

पोरांनी भराभर जोड्या केल्या. तो एकटा उरला.

"काकांच्या जोडीला मॅडम!" एक चष्मेवाली पोरगी म्हणाली. "काका तर बसल्याजागी पास!"

तोही हसला. लिफ्टच्या खड्ड्यात ओरडून कमावलेला आवाज त्याने लावला आणि झुडपातली पाखरं उडाली.

"काका, ओढा बहिरा नाहीये हो!"

रविवारी तो एकटाच गोळ्यांची पिशवी घेऊन पुलाखाली गेला. आकडे नीट आले नव्हते, ते पुन्हा घ्यायचे असं त्याने स्वतःला सांगितलं. जागा मात्र त्याने निवडली ती बायको जिथून गेली तीच. वरची दोरी पुलापाशी बांधली, खालची वळणाच्या पलीकडे. मधल्या झुडपांमुळे एका दोरीवरून दुसरी दिसत नव्हती. गोळ्याबरोबर काठाकाठाने चालत जायचं, असा त्याचा बेत.

त्याने पहिला गोळा टाकला. खालच्या दोरीपाशी कुणी नव्हतं, तरी सवयीने तोंडातून गेलंच, "सोडला!"

गोळा दोन हातांवर जाऊन एका दगडामागे अडकला आणि तिथेच गोल गोल फिरू लागला. काढायला तो वाकला.

"मिळाला," वळणापलीकडून आवाज आला.

तो वाकलेलाच राहिला. गोळा त्याच्या समोर फिरत होता.

"कोण आहे?"

ओढा वाहत होता तेवढाच आवाज. मग गोळा आपसूक दगडामागून सुटला आणि कुणी दोऱ्याने ओढावा तसा सरळ वळणाआड गेला.

बायको घराची किल्ली हमखास विसरायची. खाली रस्त्यावर उभी राहून हाक मारायची. तो तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून किल्ली टाकायचा, ती बाजाराची पिशवी पसरून झेलायची आणि म्हणायची, "मिळाली." मोठ्याने नाही. त्याला ऐकू जाईल एवढंच.

तो वळणापलीकडे गेला. कुणी नव्हतं. वाळूवर पाऊल नव्हतं. गोळाही नव्हता. दोरी मात्र हलत होती, आणि वारा नव्हता.

म्हातारपणी कान वाजतात, असं म्हणून त्याने तो विषय मिटवला. पण पुढच्या रविवारी पाय तिकडेच वळले. एकामागून एक त्याने सगळे गोळे सोडले. प्रत्येकाला उत्तर आलं. "मिळाला." शेवटच्या वेळी त्या आवाजात किंचित हसू होतं. खाली जाऊन बघितलं तर एकही गोळा नाही.

तो तडक बंधाऱ्यावर गेला. तिथला राखणदार लांब दांड्याच्या पंजाने जाळीत अडकलेला कचरा ओढत होता.

"लाल गोळे आले का इथे?"

"गोळे? अहो, या जाळीत अख्खी खुर्ची आलीय, चारही पायांनिशी. एकदा कुणाची कवळी आली, मी गावभर विचारत फिरलो, एकाने तोंड उघडलं नाही!" तो स्वतःच खो खो हसला. "पाण्यात टाकलेलं इथे येतंच. नाही आलं तर टाकलेलंच नाही."

"मी टाकलेत."

"मग वर कुठेतरी..." राखणदाराने मान वर केली आणि त्याला नीट पाहिलं. हसू मावळलं. "माफ करा. तुम्ही त्या बाईंचे..."

"हो."

"मी डोळ्यात तेल घालून बसलो होतो हो. आठवडाभर. शपथेवर सांगतो, इथून काही गेलेलं नाही."

परतताना तो वळणापासून बंधाऱ्यापर्यंतचा ओढा उलटा चालला. पाणी गुडघ्याएवढं. तळाचे गोटे मोजता यावेत इतकं नितळ. ना डोह, ना कपार. एखादं पातेलं दडवता येईल एवढीसुद्धा जागा त्यात नव्हती.

"काका, गोळे परत आले नाहीत तुमच्याकडून," मॅडमनी विचारलं.

"ओढ्यात आहेत."

"ओढ्यात कुठे?"

"तुम्ही म्हणालात ना, नाही बाहेर पडलं तर आतच साठलेलं असतं."

मॅडम हसल्या नाहीत. "एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, काका. नियम आहे."

"एकटा नव्हतो," तो म्हणाला, आणि आपण हे काय बोलून गेलो, म्हणून स्वतःच दचकला.

परीक्षा झाली. लेकीने सामानासाठी टेम्पो ठरवला. खोकी भरून झाली; मांडणीवरची दोन ताटं तेवढी राहिली. दुपारचं ऊन होतं. तो रिकाम्या हाताने ओढ्यावर गेला आणि या वेळी वरच्या दोरीपाशी थांबला नाही. वळण ओलांडून खालच्या दोरीपाशी पाण्यात उभा राहिला. इथे कोण असतं ते आज तिथेच उभं राहून बघायचं होतं.

कुणी नव्हतं. पाणी पोटऱ्यांना थंड लागत होतं.

"सोडला!"

हाक वरून आली. वळणाच्या वरच्या अंगाकडून, पुलाखालून, जिथे तो इतके दिवस उभा राहायचा तिथून. घसा ताणून दिलेली, त्याच्या ओरडण्याची नक्कल करावी तशी. अशी नक्कल ती घरात करायची.

वळणावरून एक लाल गोळा आला.

दोरीखालून जाताना त्याने तो उचलला. ओला होता, पण गार नव्हता. बराच वेळ कुणाच्या मुठीत असावा तसा कोमट होता.

"आला," तो म्हणाला. ते वळणापलीकडे गेलं नसतं. त्याने लिफ्टच्या खड्ड्यातला आवाज लावून पुन्हा म्हटलं, "आला!"

"सोडला!"

दुसरा आला. तोही कोमट.

हाक येत गेली, गोळे येत गेले, तो उत्तर देत गेला. घाई नव्हती. दोघांना एकमेकांच्या कामाची सवय असली की होतं तसं चाललं होतं. त्याचे खिसे फुगले. मग त्याने सदऱ्याचा ओचा केला.

त्याने सोडलेले सगळे गोळे परत आले. त्याने ते पुन्हा पाहून घेतले. एकही कमी नव्हता. आता वर सोडायला काही उरलं नव्हतं.

"सोडला!"

या वेळी हाकेला दम लागलेला होता, काही जड पाण्यात लोटल्यासारखा.

त्याने पाण्याकडे पाहिलं. ओढा रिकामा होता.

तो पाहत राहिला. वळणावरची सावली लांबून दोरीपर्यंत आली. पाय बधिर झाले. पाण्यावर काडीसुद्धा नव्हती.

वर जाऊन बघावं, असं एकदा वाटलं. पण खालच्याने जागा हलवायची नसते.

नुसतं "आला" म्हणून टाकावं, असंही वाटलं. पण दिसल्याशिवाय म्हणायचं नसतं.

दिसेनासं झालं तेव्हा कुठे तो काठावर आला.

टेम्पो परत गेला. "आता काय राहिलंय तिथे, बाबा?" लेक रडवेली होऊन म्हणाली. "एक रीडिंग राहिलंय," त्याने सांगितलं. मॅडमना गोळे नेऊन दिले. त्यांनी एक हातात घेतला, पटकन टेबलावर ठेवला आणि हात पँटीला पुसला.

तो रोज उजाडताच खालच्या दोरीपाशी जाऊन उभा राहतो. वरून पुन्हा हाक आलेली नाही. उत्तर ऐकल्याशिवाय वरच्यालाही पुढे काही करता येत नाही.

तिने काय सोडलंय ते अजून वळणावर आलेलं नाही. "आला" म्हणायचं राहिलं आहे.