लागंल तवा खावा

बसा, अजून सरकून बसा. लाईट काही आता येत नाही. आणि ती मोबाईलची बॅटरी बंद करा, डोळ्यांवर येते. आपल्या गल्लीतल्या विश्वजितचं सांगतो. त्याला रोज बघता तुम्ही, पण विचारायला जाऊ नका.

गेल्या डिसेंबरात त्यानं चार दिवस रजा काढली. लग्नाला तीन वर्षं झाली तरी बायकोला, अनुजाला, कुठं नेलं नव्हतं. गाडी काढायची, माळावर तंबू टाकायचा, दोघांनीच राहायचं, एवढाच बेत. नवा तंबू आणला, छोटी गॅसची शेगडी आणली. तेवढ्यात त्याच्या आईनं, आक्कानं, पाहुण्यांची यादी पुढं केली. "त्यास्नी कळलं गावावरनं गेलासा आणि घरात पाय ठेवला न्हाय, तर मला तोंड दावायला जागा ऱ्हाईल काय?"

झालं. पहिली रात्र जयसिंगपुरात, आक्काच्या लांबच्या चुलतभावाकडं. दुसरी पेठ वडगावात, त्याच भावाच्या साडूकडं. चहा, पोहे, परत चहा, लग्नाचे अल्बम, आणि "पाळणा कवा हलवतासा?" ही चौकशी. अनुजा आत बायकांत, हा बाहेर सोप्यात पुरुषांत. दोन दिवसांत नवरा-बायको धड बोलले नाहीत. तंबू डिकीत तसाच. वडगाव सोडताना अनुजा म्हणाली, "मला घरला सोडा. तिथं निदान माझी मी चहा तरी करून पिईन."

विश्वजितच्या मस्तकात तिडीक गेली. यादीत शेवटचं नाव बनाबाईचं. आक्काच्या मावसबहिणीची नणंद, पन्हाळ्याच्या पलीकडं राहणारी. सकाळपासून तिचे सहा फोन येऊन गेले होते. सातव्याला हा बोलून बसला, "मावशी, न्हाय जमत. भावकीत मयत झालंय. सुतक हाय आमाला."

"आगं बया! कोण गेलं रं? मग चूल बंद असंल की तुमची. कडू घास कुणी दिला?"

यानं फोन कापला. कडू घास तुम्हाला ठाऊक आहे. मयताच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून पाहुणे पिठलं-भाकरी करून नेतात, तो. अनुजा म्हणाली, "असलं खोटं बोलू नये." हा म्हणाला, "मग चल, बसू अल्बम बघत." तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं.

शुक्रवार, बारा डिसेंबर. पन्हाळ्याच्या पुढं माळावर तंबू लागला. वारं अजिबात नव्हतं. तरी शेगडी काही पेटेना. लायटर झाला, काडेपेटी संपली. सिलिंडर नवा, भरलेला. विश्वजितनं वैतागून शेगडी लाथाडली. दोघं बिस्किटं खाऊन तंबूत शिरली. पावणेदहा वाजले होते, चंद्र उगवायला अजून अवकाश होता.

"पावणं… जागं हायसा न्हवं?"

बाईमाणसाचा आवाज. विश्वजितनं कपाळावर हात मारला. इथंपण आली! तो आतूनच ओरडला, "मावशी, कशाला आलासा एवढ्या रातचं?"

"कडू घास आणलाय."

"ठेवा तिथं. आणि जावा."

"तसा ठेवत न्हाईत. कुणाचा त्ये सांगाय लागतंय. कोण गेलं?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. आपण या माळावर आहोत हे बनाबाईला कुणी सांगितलं? बाहेर बॅटरीचा उजेड नव्हता. सगळा कातळ, पण चपलेचा आवाज नव्हता…

"कोण गेलं, पावणं?"

विश्वजितनं तंबूची चेन मुठीत घट्ट धरली.

"आक्का काय?"

"न्हाय!"

"बरं… मग अनुजा?"

अनुजानं त्याचं मनगट धरलं. बाहेरचा आवाज आता तंबूच्या कापडाला लागून येत होता.

"अनुजाच न्हवं?…"

"कुणी न्हाय गेलं!" विश्वजित किंचाळला. "खोटं बोललो मी! चुकलं! कुणी गेलेलं न्हाय!"

…



"आसं हाय व्हय. पर केलेली भाकरी माघारी न्हेत न्हाईत, पावणं. ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी. लागंल तवा खावा."

उजाडेपर्यंत दोघं हलली नाहीत. सकाळी दाराशी पांढऱ्या फडक्यात गाठोडं होतं. दोन भाकरी, पिठलं, वर कडुलिंबाचा पाला. ते घेऊन बनाबाईचं घर गाठलं. म्हातारी गुडघ्याला फडकं बांधून बसलेली. "मी? अरं, मला मोरीपतोर जाववत न्हाय. आणि हे फडकं माझं न्हवं." गाठोड्याला तिनं हात लावला नाही. एवढंच म्हणाली, "टाकू नगासा. घरात ठेवा."

ठेवलंय. आक्काच्या फडताळात, वरच्या फळीवर. सात महिने झाले. पिठल्याला बुरशी नाही, पाला हिरवा, भाकरी मऊ. त्या घरात अजून कुणी गेलेलं नाही. आक्का रोज सकाळी उठून आधी भाकरी चाचपते, गार लागली की मग चूळ भरते.

काल संध्याकाळी विश्वजित मला बोलवायला आला. मी गेलो, फडकं सोडलं, हात लावला.

भाकरी गरम होती.