दोन शीला

लखीरामनं मला पहिल्यांदा हाक मारली ती 'बाई' म्हणून, आणि ती मला मुळीच आवडली नाही.

नोव्हेंबर महिना होता. आर्णीत बसस्टँडजवळ प्रफुल्लदादांचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं मी काउंटरवर बसत असे. कॉलेजचे फॉर्म भरायचे, आधारच्या प्रती काढायच्या आणि गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर किल्ल्यांचा एक खेळ खेळायचा. त्या वर्षी नेट स्वस्त झालं होतं, त्यामुळे अख्खा तालुका काही ना काही खेळत होता. आपला किल्ला बांधायचा, दुसऱ्याचा पाडायचा. हे एकट्यानं जमत नाही, म्हणून पन्नास जणांची टोळी करायची. मी 'महागाव वाघ' नावाच्या टोळीत अर्ज टाकला, कारण महागावला माझी मावशी राहते. याहून खोल कारण नव्हतं. दोन मिनिटांत मला आत घेतलं. इतक्या लवकर मला कुणी कधी कुठं घेतलं नव्हतं. शंका तेव्हाच यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मला एकटीला मेसेज आला, इंग्रजी अक्षरांत —

"बाई, याडी बाटी खादी कांई?"

मी आधी मोबाइललाच दोष दिला. सेटिंगमध्ये जाऊन खेळाची भाषा बदलली. इंग्रजी केली, हिंदी केली, एकदा चुकून इंडोनेशियाची झाली आणि तासभर तशीच राहिली. मेसेज मात्र जसाच्या तसा. टोळीच्या गप्पाही त्याच भाषेत चाललेल्या.

"अपडेट मार," प्रफुल्लदादा म्हणाले. सगळ्या दुखण्यांवर त्यांचा हाच इलाज.

मला कळला तो एकच शब्द, 'बाई'. एकविसाव्या वर्षी कुणी बाई म्हटलं की काय वाटतं ते बायकांनाच विचारा. मी लिहिलं, "मी बाई नाही." उत्तरादाखल चार हसरे चेहरे आले.

पुढं रोज दुपारी एक मेसेज येऊ लागला. 'हाव' म्हणजे होय, एवढं मी टोळीच्या गप्पांतून शिकले आणि त्याच्या प्रत्येक प्रश्नाला 'हाव' लिहीत गेले. सगळ्याला होय म्हणणाऱ्या माणसाचा संशय कुणाला येत नाही. आठ दिवस सुखात गेले. नवव्या दिवशी त्यानं विचारलं —

"तू गोरमाटी छी कांई?"

अखेर एक वाक्य कळलं म्हणून मला केवढा आनंद झाला! मी भरभर लिहिलं, "नाही, आमची काळी माटी हाये. कपाशीची. गोरी माटी आमच्या इकडं नसते."

मग पहिल्यांदाच मराठी आलं...

"तुमी कोण?"

मी नाव सांगितलं, दुकान सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक उंच मुलगा काउंटरपुढं येऊन उभा राहिला. केसांत रुई, भुवयांवर रुई, एका पापणीवरही बारीकसा पांढरा तंतू. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता हे सांगायची गरजच नव्हती.

"आधारची झेरॉक्स पाहिजे होती," तो म्हणाला. मी कार्ड पाहिलं. लखीराम राठोड, महागाव तालुक्यातला एक तांडा.

"तुमीच का ते?" मी विचारलं. "बाटी बाटी करणारे?"

"बाटी मंजे भाकर. याडी मंजे माय. मायनं भाकर खाल्ली काय, इचारून राह्यलो होतो." तो खाली बघत हसला. "तुमी आठ दिवस रोज सांगतलं, खाल्ली मनून. तिचा तर दोन दिवस उपास होता."

मी ओशाळले. मी सहसा ओशाळत नाही.

मग उलगडा झाला. त्याच्या बहिणीचं नावही शीला. लखीराम आर्णीत जिनिंगच्या खोलीवर राहायचा आणि बापाचा मोबाइल दिवसभर बापाच्या खिशात शेतात असायचा. म्हणून बहिणीनं कुणाचा तरी मोबाइल मागून या खेळात यायचं आणि घरची खबर द्यायची, असं ठरलं होतं. टोळीचे मुख्य म्हणजे त्याचे हिरासिंगकाका. त्यांना त्यानं सांगून ठेवलं, 'आपल्या शीलाचा अर्ज येईल, घ्या.' बहिणीला मोबाइल मिळालाच नाही. अर्ज आला तो नागोराव मास्तरांच्या सत्यशीलेचा, जिला घरीदारी सगळे शीला म्हणतात. म्हणजे माझा.

"आन् गोरमाटी?"

"आमी सोतालेच गोरमाटी म्हंतो. बंजारा." त्यानं ओठ दाबले. "मी जात इचारली, तुमी मातीपरीक्षण सांगतलं."

प्रफुल्लदादा मशीनमागून खोऽ खोऽ हसले. मी त्यांच्याकडं रागानं पाहिलं.

"टोळीत आमच्या लोकायलेच घेतात," लखीराम म्हणाला. "बाहेरच्याले 'कोर' म्हंतात. तुमी काही बोलू नका, मी बी बोलत नाही. ऱ्हा खेळात."

"मंग मी कोर?"

"होय."

"आन् बाई?"

त्यानं पापणीवरची रुई पुसली. "बाई मंजे बहीण."

तो गेल्यावर मी बराच वेळ त्या शब्दाकडं बघत बसले. एवढा वेळ ज्यावर चिडले होते, त्याच्यापेक्षा हा अर्थ वाईट निघाला. 

यानंतर लखीराम रोज दुपारच्या सुट्टीत येऊ लागला, रोज त्याच आधार कार्डाची एक प्रत काढायला. दहा-बारा दिवसांनी प्रफुल्लदादांनी विचारलं, "काहून बे, सरकार रोज मागते का तुह्यावालं आधार?"

"साहेब हारवतात, दादा," तो शांतपणे म्हणाला.

मेसेजमध्ये तो मला 'तू' लिहायचा, काउंटरवर 'तुमी' म्हणायचा. मला त्याची भाषा शिकवायचा. मी 'आव', म्हणजे 'ये', म्हटलं की तो म्हणायचा, "असं नाही, तोंडात गरम भजं असल्यावानी मनता तुमी." मी म्हणायचे, "मंग तुमीच या ना न बलावता." तो यायचाच. टोळीच्या गप्पांत मात्र मी त्याची बाईच होते. "मारी बाई चांगली लढते," असं तो सगळ्यांपुढं लिहायचा, मारी म्हणजे माझी, आणि मी समोरच्याचा किल्ला विनाकारण जास्तच पाडायचे.

मला तो आवडू लागला होता. मी तशी हळवी नाही, डोळेबिळे मिटून कुणाची आठवण काढणाऱ्यातली तर नाहीच. पण पावणेदोन झाले की मी वेणी पुढं घ्यायची आणि दोन वाजले की मागं टाकायची. यातून जो काय अर्थ निघतो तो मलाही कळत होता. त्याच्याकडून अर्थ काढावा तर तो पापण्यांवरची रुई पुसत म्हणायचा, "चालतो बाई."

त्या साली बोंडअळीनं कपाशी पार खाल्ली होती. एरवी मार्चपर्यंत धडधडणारं जिनिंग डिसेंबरातच बंद करायचं ठरलं. लखीरामला पुण्याकडं एका कंपनीत काम मिळत होतं. शनिवारी निघायचं होतं. आणि त्याच आठवड्यात त्याच्या बहिणीला मामानं मोबाइल घेऊन दिला.

टोळीत आता एकच जागा रिकामी होती, ती तिनं मागितली. हिरासिंगकाकांना दोन शीला दिसल्या. त्यांनी सगळ्यांपुढं विचारलं, यातली आपली कोणती? लखीरामनं दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारच्या सुट्टीत सांगायचं ठरलं.

त्या गुरुवारी तो दुकानात आला तेव्हा त्याच्या हातात आधार कार्ड नव्हतं.

"मी इचार केला," तो म्हणाला. "लिहून टाकतो, ही माही मानलेली बहीण हाये. कोर असली तरी मंग कोणी काढत नाही. आमच्यात मानलं मंजे मानलं, जलमभर. राखी, दिवाळी, सगळं."

सोय चांगली होती. टोळी राहिली असती, मेसेज राहिले असते, सणासुदीला त्याच्या आईच्या हातची भाकरही मिळाली असती. फक्त तो राहिला नसता. तांड्यापुढं एकदा शब्द गेला की परत घेता येत नाही, हे तोच मला सांगत होता.

"तुमाले काय वाटते?" त्यानं विचारलं. पहिल्यांदाच तो माझ्याकडं नीट बघत होता.

"मले काय वाटायचं?" मी स्टेपलरमध्ये पिना भरत म्हणाले. "लिव्हा ना. राखी पोस्टानं पाठवीन पुण्याले."

"खरंच लिव्हू?"

"बहीण तुमाले पाहिजे. मले काहून इचारता?"

तो गेला. पिना उलट्या भरल्या होत्या, ते मला संध्याकाळी कळलं. मला रडू आलं, पिनांमुळं नव्हे.

शुक्रवारी पावणेदोनला दुकानात गर्दी होती. मी एका हातानं प्रती काढत होते, दुसऱ्या हातात मोबाइल. टोळीत सगळे हजर होते. लखीरामचं नाव वर आलं.

"नवी शीला मारी बाई छ," त्यानं लिहिलं.

मी वाट पाहिली. मशीन रिकामंच फिरत होतं.

"जूनी शीला मारी बाई कोनी."

कोनी म्हणजे नाही. एवढं मला येत होतं, तरी मी ते तीनदा वाचलं. मानलेली नाही, कोणतीच नाही... नाहीच.

"तो कुण छ?" काकांनी विचारलं. मग कोण आहे?

पडद्यावर एक पाटी आली, मला टोळीतून काढलं होतं. काढणाऱ्याचं नाव लखीराम. मला राग यावा तेवढ्यात तो स्वतःच दुकानात शिरला, धावत आल्यासारखा, डोक्यावर सगळी रुई तशीच.

"काढलं मले?" मी म्हणाले.

"मी बी निंगालो. बहीण मनून तुमाले तिथं ठेवलं असतं, तर मले जलमभर तसंच बोला लागलं असतं." त्याला धाप लागली होती. "काका फोनवर फोन करून राह्यले. इचारतात, मंग ते पोरगी कोण हाये तुही? मी म्हनलं, थांबा, तिलेच इचारून सांगतो... काय सांगू?"

फोन त्याच्या हातात पुन्हा वाजू लागला. मी हातातले कागद खाली ठेवले.

"सांगा, मले आवडता तुमी. मराठीतच सांगा, त्यायले समजते."

दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनाही समजलं.