पाचवा दोर

पाणी चढतीला लागलं की दोरवालिनाचा दिवस दोरांपासून सुरू व्हायचा. आधी दोर, मग कॉफी. दोन खोल्यांचं तिचं घर जाड ओंडक्यांवर तरंगायचं आणि चार दोरांनी काठावरच्या झाडांना बांधलेलं असायचं. नदी रात्रीतून वीतभर चढली आणि दोर तेवढे सैल केले नाहीत, तर घराचा कोपरा दबून पाणी थेट चुलीपाशी. साऱ्या गावाचं हेच होतं. या काठाला ब्राझील, त्या काठाला पेरू, मधे गढूळ नदी आणि उरलेलं सगळं जंगल.

मार्चातल्या एका मंगळवारी पाहते तर दोर पाच.

पाचवा नदीकडच्या कोपऱ्यातल्या खुंटाला होता आणि तिथून सरळ खाली पाण्यात गेलेला. दोर जुना, काळपट. गाठ मात्र ताजी. आणि उलटी, डावखुऱ्याने मारावी तशी. डावखुरा तिच्या ओळखीत एकच होता, तिचा नवरा अबदियास. त्याला नदीने नेऊन तीन वर्षं झाली होती. होडी सापडली, तो नाही सापडला.

पलीकडच्या काठावरचा एलेउतेरियो, अबदियासचा दोस्त, केळ्यांचे घड घेऊन आला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभीच होती.

"भाऊजी, हे उद्योग तुमचे का?"

"वहिनी, मला तुमचं घर दोराने बांधायचंच असतं तर पेरूत ओढून नेलं नसतं का?"

आत नोएमिया खुदकन हसली. लेकीला नववा महिना होता आणि जावई नदीच्या वरच्या अंगाला लाकूडतोडीवर. एलेउतेरियोने दोर दोन्ही हातांनी ओढून पाहिला. दोर हलला नाही.

"खाली ओंडक्यात अडकला असेल," तो म्हणाला आणि केळी न उतरवताच परत निघाला.

दोरवालिनाने गाठ सोडून दोर पाण्यात भिरकावला. दुसऱ्या दिवशी तो परत खुंटाला. असं तीनदा झालं.

"राहू दे ना आई. तुझं काय खातोय तो?"

"तुला काय कळतंय! ताणलेला दोर घर बुडवतो."

पण घर बुडेना. आठ दिवसांत पाणी हातभर चढलं. चार दोर ती रोज सैल करायची; पाचव्याला कोणी बोट लावत नव्हतं. तरी तो होता तेवढाच ताठ, आणि कोपरा बोटभरही दबला नाही. खालून कोणीतरी मापात दोर सोडत असावं. तो विचार तिने कॉफीबरोबर गिळून टाकला.

शुक्रवारी नोएमियाला गावातल्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. कळा बुधवारी दुपारीच सुरू झाल्या, भर पावसात. एलेउतेरियो सुईणबाईंना आणायला होडी घेऊन पळाला. नदी मुळासकट उपटलेली झाडं घेऊन येत होती.

त्यातलं एक घरावर आदळलं.

पहिला दोर तुटला. मग दुसरा. तिसरा आणि चौथा एकदमच.

घर काठ सोडून निघालं. खाली वळणावर भोवरा होता. तिथे गेलेलं काही परत येत नसे. नोएमिया ओरडली. दोरवालिना तिला कवटाळून बसली.

हिसका बसला आणि घर थांबलं.

मधोमध नदीत.

ती रांगत कोपऱ्यापर्यंत गेली. पाचवा दोर ताणून पाण्यात गेला होता. तिने त्यावर हात ठेवला. पेलवत नसलेलं ओझं धरलेला हात थरथरतो, तसा तो थरथरत होता.

"अबदियास," ती रडत म्हणाली, "सोडू नकोस रे. थोडा वेळ धर."

सुईणबाई पोचल्या. तिन्हीसांजेच्या आत मुलगी झाली.

"कागदावर देश कुठला घालू?" सुईणबाईंनी खिडकीतून दोन्ही काठ पाहत विचारलं.

"पेरू!" एलेउतेरियो बाहेरून ओरडला.

"गप बसा हो भाऊजी!" दोरवालिना म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला पोटभर हसू आलं.

तिघा-चौघांनी होड्या लावून घर जागेवर आणलं. पाचवा दोर मुकाट्याने मागोमाग आला. दुसऱ्या सकाळी तो सैल होता, आणि पुढे सैलच राहिला.

ऑगस्टात पाणी उतरलं, गाळ उघडा पडला. नातीला कडेवर घेऊन दोरवालिना दोराच्या मागे चालत गेली. शेवटी ओंडका नव्हता, दगड नव्हता, काहीच नव्हतं. टोक मोकळंच पडलेलं. टोकाशी दोन जागी, तळहाताएवढा, दोर झिजून गुळगुळीत झाला होता. तिने तिथे आपले हात ठेवून पाहिले. पकड बसली ती डावा हात पुढे धरल्यावरच.

दोर कित्येक दिवस उन्हात पडून काठीसारखा कडक झाला होता. त्या दोन जागा तेवढ्या ओल्या होत्या.

तिने दोर गुंडाळला नाही. टोक उचलून आणखी खाली नेलं, चढतीचं पाणी सगळ्यात आधी पोचेल तिथे, आणि नीट ठेवलं.