खोकणारा दगड

“चार वेळा सांगितलं त्यांना! चार वेळा!” मनवाने वही बाकावर आपटली. “पण सेक्रेटरी सबनीसकाका म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!”

परळच्या ‘वनराई हाइट्स’मधली सगळी पोरं मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेली होती. उरली होती तिघंच. बारा वर्षांची मनवा, तिच्या वर्गातला उन्मेष आणि उन्मेषची धाकटी बहीण नूपुर. संकुलातले पक्षी मोजता मोजता मनवाला गुलमोहराच्या वाळक्या फांदीत एक गोल ढोली दिसली होती, आणि ढोलीत तांबटाची पिल्लं! आज अकरा वाजता नेमकी तीच फांदी तोडणार होते.

“फोटो दाखवलास ना?” उन्मेषने विचारलं.

“दाखवला! म्हणे, हा काळा ठिपका आहे. तांबट तिथून कधीच हलला, ऐक, कुंपणातून ओरडतोय!”

कुंपणातून खरंच टुक् टुक् टुक् चाललं होतं, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसं. मनवाने तिथलं पान न् पान धुंडाळलं होतं, पण पक्षी काही दिसला नव्हता. त्याचाच तर तिला संताप येत होता! कान एक सांगत होते, डोळे दुसरंच, आणि सेक्रेटरी झालेली मोठी माणसं नुसती कानांचं ऐकत होती.

इतक्यात कुंपणाजवळच्या दगडावर बसलेली नूपुर टुणकन उठली.

“दादा! दगड खोकला!”

“काहीतरीच!”

“शप्पथ! आधी तांबट, मग कोकीळ, मग खोकला!”

तिघं दगडाला कान लावून बसली. सहा मिनिटांनी पुन्हा तांबट, कोकीळ आणि कुणाचा तरी घसा खाकरल्याचा आवाज! उन्मेषने टिचकी मारली. दगड पोकळ!

“ए पोरांनो, हात नका लावू!” माळीकाम करणारे कोंडीरामकाका पाइप टाकून धावले. “बिल्डरच्या साहेबांनी बजावलंय, त्या दगडावर पाण्याचा थेंब पडता कामा नये. धुवायचाच तर आधी बागेचा मेन स्विच बंद करायचा.”

“दगडात लाउडस्पीकर!” मनवा किंचाळली. “पक्षी रेकॉर्ड केलेले, आणि खोकलाही! काका, माझं एक काम कराल?”

अकरा वाजता करवतवाला शिडीशी आला, तेव्हा मनवा शिडीला पाठ लावून उभी होती.

“हट्ट पुरे!” सबनीसकाका कडाडले. “फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर? तुझा तांबट तिकडे मजेत गातोय!”

“गातोय ना? कोंडीरामकाका, करा बंद!”

खट्!

कुंपणातला तांबट अर्ध्या ‘टुक्’वरच थांबला. कारंजं बसलं. सगळी बाग चिडीचूप झाली.

“लाइट गेली वाटतं,” सबनीसकाका म्हणाले.

“लाइट गेली तर पक्षी कसा गप्प झाला? त्या दगडात लाउडस्पीकर आहे!” मनवाचा आवाज रडवेला झाला होता. आता खरा तांबट ओरडला नाही तर?

टुक्. टुक्. टुक्.

“कोंडीराम!” सबनीसकाका खेकसले. “एक स्विच राहिलाय!”

“नाही साहेब, सगळे बंद आहेत.”

“त्याला स्विच नाही, काका,” मनवाने वर बोट दाखवलं.

वाळक्या फांदीवर लाल कपाळाचा, हिरवा तांबट बसला होता. ढोलीतून दोन चोची बाहेर डोकावल्या.

“पिल्लं आहेत साहेब. मी नाही चढणार,” करवतवाल्याने करवत पिशवीत टाकली.

सबनीसकाकांनी मान वर करून ढोलीकडे पाहिलं. “तीन वर्षं,” ते ओशाळून म्हणाले, “रोज सकाळी मी त्या दगडाला ‘वा, काय गातोस!’ म्हणतोय. शाबास रे पोरांनो! कोंडीराम, फांदीखाली चौफेर दोरी बांध. पिल्लं उडेपर्यंत तिथून कुणी जायचं नाही. आणि तो स्विच बंदच राहू दे.”

नूपुर टाळ्या पिटायला लागली. मनवाचा राग मात्र अजून पुरता उतरला नव्हता.

“चार वेळा सांगितलं होतं मी,” ती पुटपुटली.

सबनीसकाका बाकावर तिच्या शेजारी येऊन बसले. “पाचव्यांदा सांग. आता ऐकतो.”

मनवाने वही उघडली.